साथ कुणाची, कुणाला?

पेटीवाल्याचा कान हिशेबी असतो. काही वाजू लागलं की आधी पट्टी, मग सम, आणि मग समोरचा आता कुठे वळणार याचा अंदाज. इतकी वर्षं गायकांच्या डाव्या हाताला बसून ही सवय अंगात मुरलेली.

एका विद्यार्थ्याने पियानोवादक हॅरॉल्ड बड आणि संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९८० सालचा 'द प्लॅटोज ऑफ मिरर' हा अल्बम पाठवला. "सर, झोपताना लावा, शांत वाटेल." लावला, आणि झोप उडाली. पियानोचे दोन-चार स्वर, मग नुसती आस, मग पुन्हा दोन स्वर. ठेका नाही, आवर्तन नाही. हे बड तरुणपणी लष्कराच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, असं नंतर वाचलं आणि हसू आलं. ज्याच्या अंगात ताल आहे तोच इतक्या बिनघोरपणे ताल सोडू शकतो, असं आपलं माझं मत.

पण मी अडकलो तो साथीपाशी. बड आयत्या वेळी सुचेल ते वाजवत. ईनो तो आवाज यंत्रांतून काढून लांबवत, धूसर करत, त्यामागे प्रतिध्वनी जोडत. आणि वाजवता वाजवता बड यांच्या कानावर पडे तो हा बदललेलाच आवाज. म्हणजे पुढचा स्वर कुठला आणि किती वेळाने, हे त्यांचा हात ठरवत होता, की मागच्या स्वराचं ईनोंनी जे करून ठेवलं होतं ते? मी साथ करतो तेव्हा गायकाची जागा ऐकतो आणि मग उचलतो. कितीही चपळाई केली तरी एक पाऊल मागेच. इथे साथीदार स्वराच्या पोटातच बसलेला. कोण कुणाच्या मागे आहे हे सांगताच येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडा हेवा वाटला.

पेटी काय, पियानो काय, दोन्ही ठरलेल्या पट्ट्यांची वाद्यं. मींड दोघांच्याही नशिबी नाही. पेटीला निदान भाता आहे, स्वर हवा तितका धरता येतो. पियानोचा स्वर उमटला की विरायलाच लागतो. या दोघांनी ते विरणंच वाजवायला घेतलंय. न राहवून एका रात्री 'फर्स्ट लाइट' या पहिल्या तुकड्याबरोबर मी पेटी उघडली आणि मंद्रातला एकच स्वर धरला. लग्नाच्या पंगतीत कुणी काकांनी माइक हातात घ्यावा तसं झालं. भाता लगेच बंद केला.

आमच्या ओळखीतल्या एक गायिका म्हणाल्या, "अहो, हा तर तानपुराच!" मला नाही पटलं. तानपुरा षड्ज देतो. तुम्ही कुठेही जा, मोजमाप त्या षड्जावरून. इथे कुणीच तसा षड्ज धरून बसलेलं नाही. मागचा प्रतिध्वनी विरत आला की त्याच्या उरल्यासुरल्या कडेवर पुढचा स्वर ठेवला जातो, बस्स.

दोघांचा पुढचा अल्बम 'द पर्ल', १९८४ चा. तो कॅनडातल्या हॅमिल्टनला झाला, आणि तिथे निर्माते डॅनियल लॅनवा हे तिसरे जोडीला आले. मला हाच जास्त आवडतो. पहिल्यात ईनोंची कारागिरी मधूनमधून जाणवते. इथे यंत्र कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं ते उमगत नाही.

बड २०२० मध्ये गेले. 'अ‍ॅम्बियंट' (म्हणजे पार्श्वभूमीला राहणारं संगीत) हे लेबल त्यांना कधीच मानवलं नाही. ईनोंचं म्हणणं मात्र असं की या संगीताकडे लक्ष द्यावं तितकंच सहज दुर्लक्षही करता आलं पाहिजे. मी बड यांच्या बाजूचा. परवा भाजी परतताना 'द पर्ल' लावला होता. आतल्या खोलीतून बायको ओरडली, "करपल्याचा वास येतोय, ऐकू आलं का?" आलं, पण तेवढा तुकडा संपू दिला.