चौऱ्याऐंशी एचपीचा संसार

मॉड्यूलर सिंथेसायझर घेणं म्हणजे वन रूम किचनमध्ये संसार मांडणं. काय आणायचं यापेक्षा काय आणायचं नाही, हे कळायला मला एक लाख दहा हजार रुपये आणि आईचं एक वाक्य लागलं!

आमच्या घराच्या माळ्यावर माझ्या हौसांचं एक छोटंसं म्युझियम आहे. एकोणिसाव्या वर्षी घेतलेली गिटार (येणाऱ्या कॉर्ड्स तीन, त्यातली एक चुकीची). बाविसाव्या वर्षीचा कीबोर्ड. पंचविसाव्या वर्षीचा डीएसएलआर, ज्याने मी मुख्यतः आमच्या मांजराचे फोटो काढले. त्यामुळे गेल्या वर्षी कुरियरवाला भलामोठा खोका दारात ठेवून गेला तेव्हा आईने आधी खोक्याकडे पाहिलं, मग माळ्याकडे, मग माझ्याकडे.

‘‘हे खाली किती दिवस?’’

प्रश्न रास्त होता. शिवाय या वेळी पैसे होते पीएफचे. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा हातात आलेले एक लाख साठ हजार. ज्यांची पेमेंट्स ‘पुढच्या महिन्यात नक्की’ या तीन शब्दांवर लटकलेली असतात, त्यांनाच कळेल की असे पैसे म्हणजे नुसते पैसे नसतात. तो एक प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर असतो. आणि मी तो एका बटणं-वायरींच्या पेटीसाठी उघडला होता!

आधी फंडा क्लिअर करू. साधा कीबोर्ड म्हणजे तयार थाळी. कंपनीने जे वाढलं ते खायचं. मॉड्यूलर सिंथेसायझरमध्ये आवाज तयार करणारा भाग वेगळा, तो गाळणारा वेगळा, कमी-जास्त करणारा वेगळा. असा प्रत्येक भाग, म्हणजे मॉड्यूल, तुम्ही स्वतः निवडायचा, पेटीत स्क्रूने बसवायचा आणि छोट्या केबल्सनी एकमेकांना जोडायचा. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी १९६०च्या दशकात असली यंत्रं बनवली, तेव्हा ती कपाटाएवढी होती. मग १९९०च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी ए-१०० ही सिस्टीम आणली आणि त्यातून ‘यूरोरॅक’ नावाचं माप रूढ झालं. आता शेकडो छोट्या कंपन्या याच मापाची मॉड्यूल्स बनवतात. उंची सगळ्यांची सारखी, १२८.५ मिलिमीटर. रुंदी मात्र ‘एचपी’त मोजतात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. माझी पेटी ८४ एचपीची. म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर. आमच्या पोळपाटापेक्षा थोडीशीच मोठी.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं वाटत असेल, तर एक गंमत सांगते. १९६९मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये चक्क एक मूग मॉड्यूलर बसवला गेला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी त्यावर काम केलं. त्या टेप्स नंतर कित्येक वर्षं तशाच पडून होत्या. २०२३मध्ये त्यांचा अल्बम निघाला. तो मी पहिल्यांदा ऐकला रात्री दीड वाजता, हेडफोन लावून. दोन वाजता मी मॉड्यूल्सच्या किमती बघत होते. माझे निर्णय असेच होतात.

न थांबणारा काका

आता माझा लोच्या. कुठल्याही नवशिक्याचा होतो तोच झाला. मी दुकानातल्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पोरासारखी, जे चमकलं ते उचललं. पहिल्या फेरीत पेटी, दोन साधे व्हीसीओ, एक भलताच गुंतागुंतीचा डिजिटल ऑसिलेटर आणि सोळा लाइट्सचा एक सीक्वेन्सर. कस्टम ड्यूटी धरून एक लाख दहा हजार फुर्रर्र!

व्हीसीओ म्हणजे व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर, आवाजाचा उगम. तो लग्नात भेटणाऱ्या काकांसारखा असतो. एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्याला थांबायचं माहीतच नसतं. माझ्याकडे असे तीन काका होते आणि त्यांना विषय पुरवणारा एक सीक्वेन्सर. सूर बदलत होते, पण आवाज थांबत काही नव्हता. दोन सुरांच्या मध्ये एक श्वासही नाही. शांतता हवी असेल तर केबल उपटायची, एवढाच उपाय! तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, ‘‘मिक्सर बिघडलाय का हो तुमचा?’’

माझा एक साउंड इंजिनिअर मित्र घरी आला. त्याने पेटीकडे दोन मिनिटं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘‘अगं, नळच नाहीये. नुसत्या टाक्याच आणल्यास तू.’’

तो नळ म्हणजे व्हीसीए. सगळ्यात कंटाळवाणं दिसणारं मॉड्यूल. लाइट्स नाहीत, नाव भारी नाही, काम एकच: आवाज किती सोडायचा ते ठरवणं. पण तो नळ उघडला आणि मिटला की सूर ‘सुरू’ होतो आणि ‘संपतो’. आणि संपतो म्हणूनच त्याचं संगीत होतं. नळ उघडणारा हात म्हणजे एन्व्हलप. झटकन उघडला तर तबल्यासारखा ठोका, हळूहळू उघडला तर सारंगीसारखी लाट. आवाजाची धार बोथट करणारी गाळणी म्हणजे फिल्टर. ही सगळी बिचारी स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखी आहेत. शोकेसमध्ये कोणी ठेवत नाही, पण त्याच्यावाचून चहाचं भांडं उतरत नाही. या छंदातल्या जुन्या खोडांचं एक लाडकं म्हणणं आहे, की व्हीसीए कितीही घ्या, कमीच पडतात. माझ्याकडे शून्य होते.

त्या रात्री मी माळ्याकडे बघत बसले. खोका अजून टाकला नव्हता. सगळं परत त्यात भरून वर ढकलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. खरं सांगू? पैशांपेक्षा मला भीती वाटत होती ती वेगळीच. मला संगीत करायचंय की नुसतं संगीत करणाऱ्यासारखं दिसायचंय? गिटारपासून डीएसएलआरपर्यंत हा प्रश्न मी टाळला होता. दर वेळी वस्तू आणली की तो मिटल्यासारखा वाटायचा, वस्तू माळ्यावर गेली की पुन्हा उगवायचा.

चार तारा

आई रोज पहाटे साडेपाचला रियाजाला बसते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची छोटी पेटी, काळी चारची पट्टी, एक तास. लहानपणापासून मी त्या आवाजात झोपले आणि उठले. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून रडगाणं गायला लागले, की ८४ एचपीत काहीच मावत नाही, अजून किमान दोन पेट्या हव्यात, वगैरे.

तिने तानपुरा बंद केला. म्हणाली, ‘‘खऱ्या तानपुऱ्याला चार तारा असतात. पंचम, दोन जोड, खर्ज. बस. तरी लावता लावता आयुष्य जातं. तुला नेमका कुठला आवाज हवाय, ते ठरलंय का?’’

नव्हतं ठरलं. एवढी खरेदी झाली, पण हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

मग विचारला. उत्तर समोरच होतं, मांडीवर पेटी घेऊन बसलेलं. मला तो पहाटेचा आवाज हवा होता, पण वितळलेला, हळूहळू रंग बदलणारा. स्थिर वाटणारा, पण आतून हलणारा. हे एकदा ठरल्यावर यादी जवळजवळ आपोआपच लिहिली गेली.

मी ग्राफ पेपर घेतला, ८४ एचपीची पट्टी आखली आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापून मॉड्यूल्स मांडायला लागले. शिवाय कॉम्प्युटरवर व्हीसीव्ही रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. त्यात खोटी मॉड्यूल्स खोट्या केबल्सनी जोडून बघता येतात. नवीन कोणी यात पडणार असेल, तर माझा एकच सल्ला: आधी महिनाभर हे करा. मी आधी केलं असतं तर बराच पीएफ वाचला असता.

डिजिटल ऑसिलेटर आणि सीक्वेन्सर बंगळुरूच्या एका मुलाला विकले. किमतीत घसघशीत फटका बसला, बसू दे. दोन साधे व्हीसीओ ठेवले, १० अधिक १० एचपी. दोन का? कारण जोडाच्या तारा. एक २२० हर्ट्झला लावला आणि दुसरा २२१ला, तर दोघांच्या भांडणातून सेकंदाला एक अशी संथ लाट उठते. तानपुऱ्यातला तो जिवंतपणा थोडासा इथेही येतो. त्यानंतर ८ एचपीचा फिल्टर. तो अगदी हळू उघडत नेला की एकेक वरचा स्वर असा डोकावतो, की जवारी लावलेल्या तारेची आठवण यावी. आठ एचपीत दोन नळ, म्हणजे ड्युअल व्हीसीए. आठचा एक मिक्सर. आणि एकमेव चैन म्हणजे मेक नॉइज कंपनीचा ‘मॅथ्स’, २० एचपी. गणितात माझी बोंब असली तरी हा पठ्ठ्या मला जाम आवडतो. लग्नघरातल्या त्या एका भाच्यासारखा. एन्व्हलप हा, संथ लाटा हा, व्होल्टेजची बेरीज-वजाबाकीही हाच. पेटी छोटी असेल तर असा एक बहुकामी गडी हवाच. सूर वाजवायला मित्राने त्याचा जुना छोटा कीबोर्ड दिला, ज्यातून थेट कंट्रोल व्होल्टेज बाहेर पडतं.

बेरीज झाली ६४. उरले २० एचपी. तिथे मी कोरी पट्टी लावली.

जागेइतकाच विजेचाही हिशेब असतो, तो विसरू नका. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खातं ते लिहिलेलं असतं. त्यांची बेरीज पेटीच्या पॉवर सप्लायपेक्षा बऱ्यापैकी कमी हवी. मॉड्यूलची खोली पेटीत मावते का तेही बघा. आतल्या पट्टीदार केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला येते. ती तीनदा तपासा, मगच बटण दाबा. आणि यातून निघणारा सिग्नल नेहमीच्या ऑडिओपेक्षा बराच तगडा असतो, तेव्हा हेडफोन कानाला लावण्याआधी मिक्सरचा नॉब शून्यावर! कानाला वॉरंटी नसते.

सा लागला का?

नवी मॉड्यूल्स आली, जोडली, आणि एका एप्रिलच्या दुपारी मी रेकॉर्डिंगला बसले. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा. दहा मिनिटांत पहिल्यांदाच काहीतरी ‘माझं’ वाटायला लागलं. सूर उगवत होता, मावळत होता, मध्ये शांतता होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

‘‘सा हललाय गं तुझा!’’

ट्यूनर लावून पाहिलं. खरंच हलला होता. यूरोरॅकमध्ये बहुतेक ठिकाणी एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक असा हिशेब असतो. म्हणजे एका अर्ध्या स्वराला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. अ‍ॅनालॉग व्हीसीओ तापमानाने किंचित सरकला तरी तयार कानाला कळतं. इलाज साधा आहे. वाजवण्याआधी अर्धा तास चालू करून ठेवायचा, गरम होऊ द्यायचा, मग लावायचा. आई हे ऐकून हसली. ‘‘म्हणजे तुझ्या पेटीलाही मैफलीआधी लावावं लागतं? मग बरी आहे.’’

आमच्या घरात ‘बरी आहे’ हे फार वरचं सर्टिफिकेट आहे.

त्याला आता वर्ष होत आलं. चार मिनिटांचे तीन तुकडे तयार आहेत. ते ऐकून जग हललेलं नाही, माझी पेमेंट्सही वेळेवर येत नाहीत. पण रोज अर्धा तास मी त्या पेटीसमोर बसते. माझ्या आयुष्यात एवढे दिवस सलग चाललेली ही पहिलीच हौस आहे. नवीन मॉड्यूल्स बघून मन अजूनही पाघळतं. त्या २० एचपीच्या कोऱ्या पट्टीकडे बघून तर फारच. पण आता आधी विचारते, हिच्यामुळे कुठला आवाज येईल, जो मला हवाय आणि आत्ता येत नाही? अजून तरी उत्तर मिळालेलं नाही. पट्टी कोरीच आहे.

परवा आईने माळा आवरायला काढला. गिटार शेजारच्या मुलाला दिली. तो रिकामा खोका हातात घेऊन विचारलं, ‘‘हा ठेवायचाय का? परत भरायला?’’

‘‘रद्दीत दे,’’ मी म्हटलं.

तिने खोका पायाने चपटा केला आणि जाता जाता म्हणाली, ‘‘आणि तो पंचम जरा नीट लाव. सकाळी माझ्या खोलीपर्यंत येतो.’’