लांबीखालचा गंज

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें काय करावें याविषयीं आपल्या समाजाच्या कल्पना ठाम आहेत. त्यानें एखाद्या पुस्तकास प्रस्तावना लिहावी, सायंकाळीं टेकडीवर फिरावयास जावें, आणि फार तर अंगणांत गुलाब लावावे. असें असतां गेल्या दिवाळीच्या सुट्टींत भोरच्या जुन्या घरामागून एक गंजलेली जीप ओढून मीं पुण्यास आणली. आमच्या सौभाग्यवतींनीं "घरांत एक जुनें यंत्र होतें तें पुरेसें नव्हतें वाटतें!" एवढेंच म्हणून तो विषय संपविला, हा त्यांचा मोठेपणा होय.

जीप माझ्या वडिलांची. तात्या डॉक्टर होते. हिर्डोशीच्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर त्यांना रात्रींअपरात्रीं जावें लागे, आणि तिकडच्या पावसांत दुसरें वाहन टिकत नसे. गाडी १९६५ सालची. तिचें बॉनेट आधींच्या जीपांपेक्षां उंच आहे. एंजिनांतील पेट्रोल आंत घेणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर बसविले, धूर सोडणारे खालीं बाजूलाच ठेवले. त्यामुळें एंजिन उंच झालें आणि बॉनेटालाही मान वर करावी लागली. अमेरिकेंत १९५३ सालीं निघालेला हा नमुना तेथें १९६८ सालीं बंद पडला. आपल्याकडे मात्र महिंद्रांनीं तो पुढेंही कित्येक वर्षें चालविला. गिअरच्या दांड्याशेजारीं आणखी दोन लहान दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना जोर देण्याचा, दुसरा बिकट चढणीवर गति कमी करून शक्ति वाढविण्याचा.

सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांवरील वाहनांसाठीं नवे नियम केले आहेत. वाहन मूळ स्वरूपांत राखलें असेल तर त्याची 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी होते; मात्र मग तें रोजच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं, प्रदर्शनांत आणि मेळाव्यांत तेवढें मिरवावें. सेवानिवृत्त प्राध्यापकांची आपण याहून निराळी व्यवस्था करतों असें नाहीं!

मिस्त्रींच्या हाताखालीं मी उमेदवारी करूं लागलों. अडकून बसलेलें एंजिन सुटावें म्हणून प्लगांच्या भोंकांतून डिझेल ओतून आठ आठ दिवस वाट पाहिली. नट तापवून सोडविले. पायांखालच्या पत्र्यांत स्क्रूड्रायव्हर टेकवितांच तो पलीकडे गेला. गंज लोखंडावर चढतो असें आपण म्हणतों. वस्तुतः लोखंडाचाच गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचें कोरें लोखंड पुन्हा हवापाण्याला उघडें पडतें. ॲल्युमिनियमवर चढलेला थर चिकटून राहतो व आंतल्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाच्या नशिबीं तें सुख नाहीं.

एके दिवशीं मिस्त्री पुढच्या डाव्या मडगार्डाशीं थबकले. तेथला रंग सर्वांत चांगला राहिला होता. त्यांनीं हातोडीचें टोक मारलें, तों आवाज बद्द आला. "येथें पोचा आहे. वर लांबी भरलेली आहे, सर. चीर पडली कीं ओल आंत शिरते नि लांबीखालीं मुरते. उघड्या पत्र्यावरचं पाणी निदान उन्हानं वाळतं तरी." खरवडल्यावर खालीं पत्रा उरलाच नव्हता. "कुठं धडकली होती?" त्यांनीं सहज विचारलें.

तें मला ठाऊक होतें. १९८२ च्या उन्हाळ्यांत, तेरा वर्षांचा असतांना, दुपारीं सारे झोंपलेले पाहून मीं जीप सुरू केली आणि परसांतल्या आंब्यावर घातली. मी पळालों. जीप चालविणारे, ज्यांना आम्ही मुलें मामा म्हणत असूं, ते जेवून परतले. तात्यांनीं विचारलें तेव्हां "माझ्याच हातून झालं" असें म्हणाले. दुरुस्तीचा खर्च दोन महिने त्यांच्या पगारांतून कापला गेला. मी गप्प राहिलों. तात्या गेले तरी गप्पच राहिलों.

जीप तयार झाली कीं ती घेऊन मामांकडे जावें असें मीं प्रथम ठरविलें. मग ध्यानांत आलें कीं ही आणखी एक लांबीच होय. दुसऱ्या रविवारीं एस्. टी.नें गेलों.

मामा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. ओसरीवर बसून त्यांनीं सारें ऐकून घेतलें.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "सीटवर पोत्याची घडी होती. मला कशाला लागते घडी? तात्यासाहेबांना दिसायच्या आधींच मीं ती काढून टाकली."

मला कांहीं बोलतां येईना. पगाराचा विषय मीं काढला, तर त्यांनीं हातानेंच थांबविलें. बराच वेळ आम्ही दोघे समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिलों. मग त्यांनीं विचारलें,

"तो दुसरा लहान दांडा अजून अडकतो का हो?"

"अडकतो," मीं म्हटलें.

"मग जोर नका करूं. आधीं थोडा मागं घ्यायचा."