बिशिया देवीच्या डोंगरावर

माझी धाकटी जाऊ शांघायला असते. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. इकडचे उपास-तापास, नवस सगळे झाले. आता तिथल्या शेजारणीनं तिला तैशान पर्वतावरच्या बिशिया देवीचं नाव सांगितलंय. ही देवी बायकांची. मूल व्हावं म्हणून तिकडच्या सासुरवाशिणी शतकानुशतकं तिच्याकडे जात आल्या आहेत. “ताई, तुम्ही आलात तरच मी जाईन,” असं जाऊ म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “देवी ती देवी. तिकडची म्हणून काय झालं? जा दोघी!”

मग मी माहिती काढायला बसले. तैशान शांडोंग प्रांतात, उंची १५३२.७ मीटर. पायथ्याचं गाव ताइआन. शांघायहून वेगवान आगगाडीनं साडेतीन-चार तास. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेसहा हजारांवर पायऱ्या! आपल्या सप्तशृंगीच्या पाचशेच्या घरात, त्यातही आपण तीनदा टेकतो. सगळ्यात कठीण ते शेवटचे ‘अठरा वळसे’. नुसत्या तेवढ्यातच सोळाशेहून जास्त पायऱ्या, आणि त्याही उभ्या. पण निम्म्या वाटेपर्यंत बस जाते, तिथून वर पाळणा आहे. जावेचे उपचार चालू आहेत, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून आम्ही पाळण्यानंच जायचं ठरवलं. देवीसाठी औषधाची एकही तारीख चुकवायची नाही, ही माझी अट. तिनं ती मान्य केली, जरा नाराजीनं.

देवळाची एक गंमत वाचली. माथ्यावर वारा इतका, की साधी कौलं टिकत नाहीत. मुख्य देवळावर ब्राँझची आणि बाजूच्या दालनांवर लोखंडी कौलं घातली आहेत. म्हणजे स्वेटर, कानटोपी हवीच. सूर्योदय पाहायला वर मुक्काम करणाऱ्यांना जाड कोट भाड्यानं मिळतात म्हणे. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या सुट्यांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही मेचा दुसरा आठवडा धरला. माझी शाळाही तेव्हा बंद असते.

जेवणाची काळजी नाही. तैशानचा कोबी, टोफू आणि झऱ्याचं पाणी तिकडे नावाजलेलं आहे. रश्शात मांस नको, एवढं मात्र चिनीत कागदावर लिहून घ्यायचं.

ताजी फळं चीनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे ओटीचा नारळ राहिला. सासूबाईंनी हिरवा खण तेवढा माझ्या बॅगेत तळाशी ठेवलाय.