खुंटी मिरजेची, पट्टा कोल्हापूरचा

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळच्या गल्ल्यांत शिरले की आधी कानशीचा खर्र-खर्र आवाज येतो आणि मग मधूनच कुणीतरी तार छेडतो. दुकानांच्या पाट्यांवर एकच आडनाव दिसत राहते, सितारमेकर. दारात वाळलेले मोठमोठे भोपळे रचलेले असतात. नवख्या माणसाला वाटावे, इथे भाजीचा घाऊक व्यापार चालतो की काय! हे भोपळे कडू असतात, खायचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून ते येतात आणि इथे तंबोऱ्याचे पोट होतात.

या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगारीचा. तलवारी आणि भाल्यांना धार लावणारे हात. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची शस्त्रे म्यानात गेली, शिकलगारांना काम उरले नाही, तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे वाद्येच घडवली, असे मिरजेत सांगितले जाते. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचा इंतकाल मद्रासकडच्या प्रवासात झाला, पण दफन मिरजेलाच, दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजूनही गाणे होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या गल्ल्यांतल्या चार-पाच पिढ्यांच्या मेहनतीचे.

रमजान ईदनंतर मी गेलो होतो तो मात्र सतारीसाठी नव्हे. माझी भाची कराडला बारावीत आहे. तिच्याकडे एक गिटार आहे. गाणे-बजावणे घरात असावे की नसावे, यावर आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत. तिच्या घरातही आहेत. तिची दादी अजून गिटारला ‘ते खोके’ म्हणते. तो वाद इथे सोडवायचा नाही. भाचीची अडचण अगदी साधी होती. बसून वाजवता येते, उभे राहिले की वाद्य धरायला पट्टा लागतो. बाजारातला नायलॉनचा पट्टा खांद्यात रुतत होता आणि घसरत होता. नकली चामड्याचा घेतला, तर एका पावसाळ्यात त्याची साल निघाली. चांगल्या चामड्याच्या पट्ट्याची किंमत ऐकून तिच्या अब्बांनी विषयच बदलला. म्हणून तिने ठरवले, आपला पट्टा आपणच करायचा. आणि मामूला सुट्टी होती.

आपल्याकडच्या बहुतेक तंतुवाद्यांना पट्टा नसतोच. सतार, सरोद, तंबोरा ही सगळी मांडी घालून वाजवायची. पट्टा लागतो तो चालणाऱ्याला. वारीतला विणेकरी वीणा गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल चालतो. सप्ताहात तर ती वीणा जमिनीवर टेकवतच नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अशा भजनी वीणा याच गल्ल्यांत, याच मुसलमान कारागिरांच्या हातून तयार होतात. तिथे यात कुणाला काही विशेष वाटत नाही, म्हणून मीही जास्त बोलत नाही.

गिटारला पट्टा अडकवायला दोन बटणे लागतात. भाचीच्या गिटारला खालच्या टोकाला एकच होते. पुष्कळ साध्या गिटारींना तसेच असते. मग दुसरे टोक वर खुंट्यांच्या जवळ दोरीने बांधतात. त्याने काम भागते, पण वाजवताना डावा हात अडखळतो. दुसरे बटण मानेच्या मुळाशी, जिथे मान पोटाला जुळते त्या जाड लाकडात बसवायचे होते. ते काम नवशिक्याने करू नये, म्हणून मिरज.

एका दुकानातल्या बुजुर्गांनी गिटार घेतली, उलटी केली आणि बोटाच्या सांध्याने ठिकठिकाणी ठोकून ऐकत राहिले. “चाचा, यात काय ऐकताय?” भाचीने विचारले. “लाकूड कुठं भरीव आहे ते, बेटी. पोकळ जागी स्क्रू घातला तर महिन्याभरात सुटून हातात येईल.” मग त्यांनी पेन्सिलने खूण केली आणि स्क्रूपेक्षा बारीक छिद्र हातगिरमिटाने पाडले. विजेचे गिरमिट बाजूलाच होते, त्याला हात लावला नाही. स्क्रूच्या आट्यांवर साबणाची वडी घासली, म्हणजे लाकूड न चिरता तो आत जातो. बटण आणि लाकूड यांच्यामध्ये चामड्याची लहानशी चकती ठेवली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. त्यातली आठ मिनिटे ठोकून ऐकण्यात गेली.

“पट्ट्याचं चामडं?” मी विचारले.

“ते आमच्याकडं नाही. कोल्हापूरला जावा.”

मिरजेहून कोल्हापूरची पॅसेंजर अंकलीजवळ कृष्णा ओलांडते, जयसिंगपूर, हातकणंगले करत रुकडीपाशी पंचगंगेवर येते. दोन्ही बाजूंना ऊस. सव्वा-दीड तासाचा प्रवास, पण एका कसबाच्या गावातून दुसऱ्या कसबाच्या गावात नेणारा. कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांचे. त्यांनीच १९०६ मध्ये इथे मुसलमान मुलांसाठी शिक्षणसंस्था काढली. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकलेली माणसे आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात असतील.

चप्पल लाईनमध्ये तयार माल मिळतो, नुसते चामडे नाही. त्यासाठी जवाहरनगर, सुभाषनगरकडे जावे लागते. तिथे घर हेच कारखाना. ओसरीवर आजी आणि सून बकऱ्याच्या पातळ चामड्याच्या वाद्या कापून वेणी घालत होत्या. चपलेच्या अंगठ्यावर आणि पट्ट्यांवर जी नाजूक वीण दिसते, ती बहुधा बायकांच्या हातची असते. तळ म्हशीच्या जाड चामड्याचा, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा कुठे नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशीच चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता दाखवली. ओरड झाली आणि कंपनीला मूळ कुठले ते कबूल करावे लागले. मी तो विषय काढला तर घरातले काका हसले. “त्या गडबडीत चार दिवस पत्रकार लई आले. गिऱ्हाईक काय आलं न्हाई.”

आम्हाला चप्पल नको, पट्टा करायचा आहे आणि तोही ही मुलगी स्वतः करणार आहे, हे कळल्यावर काकांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिले. “कर की. बोटं सांभाळ म्हंजे झालं.”

त्यांनी आधी चामडे ओळखायला शिकवले. कोल्हापुरी चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि आत हे पाणी भरतात. ते झिरपत झिरपत कातडे पक्के होते. याला आठवडे जातात. कारखान्यात क्रोमच्या रसायनाने हेच काम एक-दोन दिवसांत उरकते. ते चामडे मऊ आणि रंगीत असते, पण ताणले की लांबते. ओळखायची खूण म्हणजे कापलेली कड. क्रोमच्या चामड्याची कड आत निळसर-करडी दिसते, हिरड्या-बाभळीची तपकिरी.

दुसरा धडा कातड्यातल्या जागेचा. काकांनी पोटाकडचा एक तुकडा दोन्ही हातांनी ओढला, तो रबरासारखा लांबला. पाठीकडचा ओढला, हललाही नाही. “पट्टा पाठीचा. आन् कण्याच्या रेघंला धरून कापायचा, आडवा न्हाई.” पट्ट्यावर तासन्‌तास दोन-तीन किलोंचे वजन लोंबणार, तो लांबत गेला तर काय उपयोग?

माप भाचीच्याच अंगावर घेतले. खालच्या बटणापासून पाठीवरून खांद्यावर आणि पुढे दुसऱ्या बटणापर्यंत सुतळी धरली तर ११२ सेंटीमीटर भरले. म्हणून दोन तुकडे ठरले. खांद्याचा तुकडा ८५ सेंटीमीटर लांब, ५ रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. शेपटीचा तुकडा ६५ लांब आणि २ रुंद. खांद्याच्या तुकड्याच्या एका टोकाला आडव्या चिरांची रांग, तिच्यातून शेपूट आतबाहेर ओवायची. त्यामुळे पट्टा लहान-मोठा करता येतो आणि बकल लागत नाही. बकलाचे लोखंड गिटारच्या पॉलिशवर ओरखडे काढते, तेही टळले.

रापी हातात घेताना भाचीचा हात थरथरत होता. पोलादी पट्टी दाबून धरायची आणि एका दमात न कापता तीन-चार हलक्या हातांत कापायचे. पहिली वीतभर काकांनी कापून दाखवली आणि रापी तिच्याकडे दिली. ती अडली तरी परत घेतली नाही. मी दोनदा पुढे सरकलो, तर आजींनी हातानेच मला खाली बसवले.

चिरा कापताना काकांनी एक गोष्ट फार निक्षून सांगितली. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी लहान गोल भोक पाडायचे आणि मगच मधली चीर द्यायची. नुसती चीर असली की चामडे टोकापासून फाटत जाते, गोल भोकापाशी ते थांबते. बटणाच्या भोकाचे गणितही असेच आहे. ८ मिलिमीटरचे गोल भोक, टोकापासून किमान दोन सेंटीमीटर आत, आणि बटणाचे डोके शिरावे म्हणून त्याला एक लहान चीर. ही चीर खांद्याच्या बाजूला हवी. ओढ बसते तेव्हा बटण भोकाच्या बाहेरच्या कडेवर टेकते. चीर तिकडेच दिली तर वाजवता वाजवता गिटार पायावर पडलीच म्हणून समजा. ही दोन टोके आतून बकऱ्याच्या चामड्याचा तुकडा लावून दुहेरी केली आणि आरीने भोके पाडून वादीने शिवली.

खांद्याखाली अस्तर लावायचे का, असे भाचीने विचारले. काकांनी नको म्हटले. चामड्याची आतली बाजू खरबरीत असते, ती कपड्याला धरून राहते. नायलॉन घसरत होते त्याचे उत्तर तिथेच मिळाले. कडा ओल्या करून गुळगुळीत लाकडाने घासल्या, वरून एरंडेलाचा अगदी पातळ हात दिला. रंग दिला नाही. घामाने तो सुटतो आणि पांढऱ्या कुर्त्यावर उतरतो. पावसाळ्यात पट्टा प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवायचा नाही, बुरशी धरते. भिजला तर सावलीत वाळवायचा, उन्हात कडक होऊन तडकतो.

शिवताना भाचीने अचानक विचारले, “काका, हे बकऱ्याचं चामडं आमच्या कुर्बानीच्या बकऱ्याचं पण होऊ शकतं?”

काकांनी आरी खाली ठेवली. होऊ शकते, म्हणाले, पण येतच नाही. पूर्वी बकरी ईदनंतर कातडी गोळा करणारे दारोदार फिरत. आपल्यालाही आठवत असेल, मदरशाची आणि यतीमखान्याची मुले पोती घेऊन येत. त्या कातड्यांतून संस्थेचा काही महिन्यांचा खर्च निघे. ती कातडी व्यापाऱ्यांमार्फत तामिळनाडूत आंबूर-वाणियंबाडीच्या कारखान्यांपर्यंत जात. तिथेही या धंद्यात आपलेच लोक मोठ्या संख्येने आहेत. गेल्या दहाएक वर्षांत भाव असे कोसळले की मिठाचाही खर्च निघेना. शिवाय २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर बैलही बंदीखाली आले आणि पुढे कातडे कसलेही असो, ते गाडीत घालून नेताना वाहतूकदाराच्या पोटात गोळा येऊ लागला. बऱ्याच मोहल्ल्यांत आता कातडी खड्डा काढून पुरतात. कुर्बानीचे कातडे कसायाला मजुरी म्हणून देऊ नये, स्वतः वापरावे किंवा खैरात करावे, एवढा मसला आपल्या पोरासोरांनाही पाठ असतो. वापरायचे कसे, तेवढे मात्र घरात कुणाला येत नाही.

“मीठ कवा लावता?” काकांनी मला विचारले. मी म्हणालो, संध्याकाळी, सगळे आवरल्यावर. त्यांनी मान हलवली. उन्हाळ्यात चार-पाच तासांत कातडे खराब व्हायला लागते, केस सुटायला लागतात. सोलताना सुरीचे वार बसलेले असतील तर ते आधीच निम्मे वाया गेलेले असते. कातडे धुऊन, निथळून, मांसाची बाजू वर करून पसरायचे आणि त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे जाडे मीठ त्यावर चोळायचे. कडा आणि मान विसरायची नाही. मग सावलीत घडी घालून ठेवायचे. “एवढं केलं तर आणा. दोन-चारासाठी कमावणारा तयार हुईल का, ते इचारून ठेवतो. शब्द देत न्हाई.”

परतीच्या गाडीत भाचीने पट्टा गळ्यात घालूनच ठेवला होता, गिटार पिशवीत. समोरच्या बाकावरच्या बाई बराच वेळ त्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, हा कसला हार?

बकरी ईदच्या दिवशी नमाजहून आल्यावर तिच्या अब्बांनी आधी कसायाला, सुरी जपून चालव, अशी ताकीद दिली. दोन किलो जाडे मीठ आदल्या रात्रीच आणून ठेवले होते. दुपारच्या आत दोन्ही कातड्यांना मीठ लागले. मीठ चोळायला दादी स्वतः बसल्या होत्या. आता ती गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहेत आणि काकांच्या फोनची वाट पाहणे चालू आहे.