अपुरी राहिलेली कथा

‘पुढें काय झालें?’ या तीन शब्दांत मनुष्याची किती जुनी तहान सांठविलेली आहे! आजीच्या मांडीवरचें मूल हेंच विचारतें, कीर्तनांतील आख्यान ऐकणारा वृद्ध श्रोता हेंच विचारतो, आणि रात्रीं दिव्याजवळ कादंबरी घेऊन बसलेला विद्यार्थीहि मनांतल्या मनांत हेंच विचारीत असतो. सांगणारा जोंवर सांगत आहे, तोंवर ही तहान गोड वाटते. परंतु सांगणाराच मध्यें थांबला तर? अशा एका अपुऱ्या राहिलेल्या कथेशीं माझा बरींच वर्षें संबंध आला. त्यामुळें मनांत आलेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवीत आहें.

ही कथा अमेरिकेंतील आहे. दक्षिण कॅरोलायनामधील चार्ल्स्टन शहराचे रहिवासी जेम्स ऑलिव्हर रिग्नी यांनीं ‘रॉबर्ट जॉर्डन’ या टोपणनांवानें १९९० सालीं ‘द व्हील ऑफ टाइम’, म्हणजे ‘कालचक्र’, या अद्भुत कादंबरीमालेचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. कालाचें चक्र अखंड फिरत आहे, युगें येतात, जातात आणि पुन्हां येतात, ही तिची मूळ कल्पना. आपल्या कानांस ती परकी वाटत नाहीं. आडबाजूच्या एका खेड्यांतील मेंढपाळाच्या मुलावर साऱ्या जगाच्या रक्षणाचा भार येऊन पडतो, येथून कथा सुरू होते आणि पुढें शेंकडों पात्रांत फांकत जाते. २००५ सालापर्यंत मुख्य मालेचे ११ ग्रंथ निघाले, आणि बारावा ग्रंथ शेवटचा असेल, असें ग्रंथकारानें सांगून ठेविलें होतें.

माझे मामा रेल्वेंत नोकरीस होते. १९९६ सालीं मुंबईस गेले असतां फोर्टांतील पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून त्यांनीं या मालेचा पहिला ग्रंथ उचलला, आणि पुढें पगारांतून थोडें थोडें बाजूस टाकून एकेक ग्रंथ जमविला. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे दिवसाकाठीं वाचलेला भाग ते मामीला मराठींत सांगत. मामीला इंग्रजी येत नसे. परंतु त्या परदेशी पात्रांचे स्वभाव ती आळींतल्या शेजारणींच्या स्वभावांप्रमाणें ओळखून होती. सुटींत मी गेलों कीं मलाहि त्या बैठकींत जागा मिळे.

मामांची एक शंभर पानी वही होती. पुढें काय होईल याविषयींचे आपले तर्क ते तींत तारीख घालून लिहून ठेवीत. १९९३ सालच्या पांचव्या ग्रंथाच्या अखेरीस एका पात्राचा खून होतो; मारणारा कोण, हें ग्रंथकारानें तेथें सांगितलेलें नाहीं. या प्रश्नावर देशोदेशींचे वाचक खल करीत राहिले. उत्तर मिळालें तें १७ वर्षांनीं, २०१० सालच्या तेराव्या ग्रंथास जोडलेल्या शब्दसूचींत! मामांचा तर्क चुकला होता. त्यांनीं वहींत त्या तर्कावर रेघ मारली आणि मनमुराद हंसले.

मधल्या काळांत मोठेंच संकट ओढवलें होतें. आपल्यास हृदयाचा एक दुर्धर रोग जडला असल्याचें जॉर्डन यांनीं २००६ सालीं वाचकांस स्वतः कळविलें, आणि १६ सप्टेंबर २००७ रोजीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, ते निवर्तले. शेवटच्या दिवसांत उरलेली कथा त्यांनीं आपल्या जवळच्या माणसांस सांगून ठेविली होती. अखेरचा प्रसंग तर स्वतः लिहिलाहि होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच या मालेच्या संपादिका. त्यांनीं उरलेलें काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे सोंपविलें. तो लहानपणापासून याच मालेचा वाचक होता, आणि जॉर्डन यांच्या निधनानंतर त्यानें लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख त्यांच्या वाचनांत आला होता. एका ग्रंथांत मावेल असें वाटलेलें कथानक तीन ग्रंथांत गेलें. चौदावा आणि शेवटचा ग्रंथ जानेवारी २०१३ मध्यें बाहेर पडला.

मामा २०१२ सालच्या पावसाळ्यांत वारले.

ज्या शेवटाची त्यांनीं १६ वर्षें वाट पाहिली, तो अवघ्या कांहीं महिन्यांनीं त्यांस अंतरला. मला त्याचा राग येई. कोणावर, तें सांगतां येत नसे. शेवटचा ग्रंथ आणून मीं एकट्यानेंच वाचला. त्यानंतर मामीकडे गेलों असतां तिनें आपण होऊन विचारलें, “अरे, त्या मेंढपाळाच्या पोराचं शेवटी काय झालं? ह्यांना कळायचं राहिलं. मला तरी सांग.” पुढील आठ रात्रीं मी तिला ती गोष्ट मराठींत सांगत होतों. मामांसारखी हातोटी मला नव्हती. कोठें अडलों तर तीच मागचे दुवे जुळवून देई. गोष्ट संपल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं झालं, सुखरूप संपली. पण आता रात्री काय ऐकायचं?”

तिच्या या प्रश्नानें माझे डोळे उघडले. मामांच्या हातांतून शेवटचा एक ग्रंथ निसटला हें खरें. परंतु १६ वर्षांच्या त्या रात्री, ते तर्क आणि तें हंसणें यांतलें कांहींच निसटलें नव्हतें. माला पूर्ण झाल्यावांचून तिला हातच लावावयाचा नाहीं, असा कित्येक वाचकांचा निश्चय असतो. मामांनीं तसा निश्चय केला असता, तर त्यांस एकहि ग्रंथ वाचावयास मिळाला नसता.

ग्रंथकार जिवंत असूनहि कथा अडून राहते, तेव्हां वाचकाची परीक्षा निराळीच असते. जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या, प्रौढ वाचकांसाठीं लिहिलेल्या, एका प्रसिद्ध मालेचा पहिला ग्रंथ १९९६ सालीं व पांचवा २०११ सालीं निघाला. पुढें १० वर्षें उलटलीं तरी सहावा निघाला नाहीं. कित्येक वाचक सावकाराने कुळास धरावें तसे त्याच्यावर रागावले. हा राग मी समजूं शकतों, कारण त्याच्या मुळाशीं प्रेम आहे. तथापि आपण मोल दिलें तें हातीं आलेल्या ग्रंथाचें. न लिहिलेल्या ग्रंथाची आशा करावी, आठवणहि द्यावी. पण लेखकाच्या आयुष्यावर आपली मालकी सांगूं नये.

नवल असें कीं, ज्या ग्रंथावरून आपण मराठींत ‘कादंबरी’ हा शब्द घेतला, तो बाणभट्टाचा सातव्या शतकांतील ग्रंथहि त्याच्या हातून पुरा झाला नव्हता. गंधर्वांची, शापांची आणि पुनर्जन्मांची ती अद्भुत कथा अर्धवट टाकून बाण गेला. त्याच्या मुलानें ती पुरी केली. कथा अपुरी राहिल्याचें सज्जनांस दुःख होत आहे हें पाहून आपण लेखणी धरली, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, असें त्या पुत्रानें आरंभीं विनयानें सांगितलें आहे.

कथा ही एकट्या सांगणाऱ्याच्या बळावर तगत नाहीं. ऐकणाराहि तिचा एक खांदेकरी असतो. एकाचा खांदा गळला कीं दुसऱ्यानें पुढें व्हावयाचें असतें. तें काम बाणाच्या मुलानें केलें, सँडरसननें केलें, आणि आपल्या स्वयंपाकघरांत मागचे दुवे जुळवून देणाऱ्या माझ्या मामीनेंहि केलें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींहि अशी एखादी अर्धी राहिलेली गोष्ट असेल: आजोबांनीं सुरू केलेली, किंवा आईनें कामाच्या गडबडींत मध्येंच सोडलेली. आज रात्रीं त्यांच्याजवळ बसून विचारा, ‘पुढें काय झालें?’ सांगणारा समोर आहे, तोंवर विचारून घ्यावें.