सात नंबरची जागा

आम्ही पाच जण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांतून कॉलेज शिकायला मुंबईला आलो आणि जमातीच्या खोलीत एकत्र राहिलो. ही १९९३ ची गोष्ट. दिवसा कॉलेज, संध्याकाळी नागपाड्याचे मैदान. क्रिकेटवेड्या मुंबईत नागपाडा हा बास्केटबॉलचा मोहल्ला. भारताचे कप्तान झालेले, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. आम्ही बॉल नीट धरायलाही तिथेच शिकलो आणि दोन वर्षांत कॉलेजच्या संघात आलो.

त्या काळी खेळाडूंच्या पाठीवर चार ते पंधरा एवढेच नंबर असत. आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू सात नंबर घालायचा. इथे त्याला सात नंबरच म्हणतो. नाव छापलेले त्याला आवडणार नाही.

जून १९९५ मध्ये खोलीखालच्या हॉटेलवाल्या चाचांनी सकाळी सकाळी केबल लावून आम्हाला अमेरिकेतले एनबीएचे अंतिम सामने दाखवले. ह्यूस्टनचा हकीम ओलाजुवान आमचा हिरो. त्याच वर्षी रमजानात तो रोजे ठेवून सामने खेळला होता आणि फेब्रुवारी महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि संध्याकाळी एवढ्या धिप्पाड माणसांशी झुंज! आम्हाला वाटे, हा आमच्यासाठीच खेळतो आहे.

हकीमच्या गोष्टीतला दुसरा भाग मात्र तेव्हा आम्ही लक्षात घेतला नाही. नायजेरियातल्या लागोसहून तो ह्यूस्टन विद्यापीठात आला, तेव्हा पहिल्या मोसमात तो बाकावरून उठून खेळणारा खेळाडू होता. सुट्टीत त्याने मोझेस मलोन या व्यावसायिक खेळाडूसमोर सराव केला, धक्के खाल्ले. १९८३ आणि १९८४ असे लागोपाठ दोन वर्षे त्याचा कॉलेज संघ अंतिम सामना हरला. त्यानंतर १९८४ च्या निवडीत त्याचे नाव पहिले पुकारले गेले, आणि विजेतेपद मिळायला आणखी दहा वर्षे लागली. आम्ही ते दोन करंडक तेवढे पाहिले. बाक पाहिला नाही.

या चुकीची किंमत सात नंबरने मोजली.

१९९७ साली एका कार्यालयाने आपल्या संघासाठी त्याला तीन महिने तात्पुरते घेतले. खेळ जमला तर नोकरी पक्की. पहिल्याच आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला सांगितले, "तू शॉट मारायचा नाहीस. समोरचा जो सगळ्यात चांगला असेल त्याला अडवायचं. मारणारे दोघे आहेत आमच्याकडे." त्या रात्री तो खोलीवर आला आणि आम्हाला विचारले, "काय करू?" आम्ही चौघांनी एका आवाजात सांगितले, "सोड ती नोकरी. तू काय दुसऱ्यांच्या मागे धावायला जन्माला आलास?" दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. वर्षभराने तो कुवेतला गेला. तिथे चौदा वर्षे त्याने गाडी चालवली. आम्ही चौघे मात्र इथेच नोकऱ्यांना लागलो आणि सुखाने संसार केले.

पुढे २००९ साली आमच्यातल्या एकाने मायकेल लुईस या अमेरिकन लेखकाचा एक लेख छापून आम्हा सगळ्यांना पाठवला. शेन बॅटिए या खेळाडूवरचा. तो वाचताना आम्हाला ती १९९७ ची रात्र आठवली.

अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर संघ आहेत. एनबीएचे संघ तीस, आणि प्रत्येक संघात नेहमीच्या करारावर जास्तीत जास्त पंधरा खेळाडू. दरवर्षी निवडीत साधारण साठ नावे पुकारली जातात. कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा, इथे अठ्ठेचाळीस. मोसमात सामने ब्याऐंशी. तीन गुणांची रेषाही इथे आणखी लांब. या सगळ्याहून मोठा फरक वेगळाच आहे. या पंधरांतला जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी आपल्या कॉलेजचा राजा होता. बॉल मात्र एकच असतो. म्हणजे पंधरांतल्या बारा-तेरा जणांना राजेपण सोडून दुसरे काही काम शोधावेच लागते.

बॅटिए २००१ साली ड्यूक विद्यापीठाच्या विजेत्या संघातला, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तिथे तो सामन्याला सरासरी वीसच्या आसपास गुण करी. व्यावसायिक कारकिर्दीत ही सरासरी नऊच्या आत आली. आकडे पाहणारा म्हणेल, हा फसला. पण ह्यूस्टनचा संघ त्याच्या हाती समोरच्या खेळाडूची सारी माहिती देई: तो कुठून मारतो तेव्हा जास्त चुकतो, डावीकडून की उजवीकडून. बॅटिए त्याला नेमका त्या जागी ढकलत नेई आणि शॉटच्या वेळी डोळ्यांसमोर हात धरी. सॅन अँटोनियोचा मानू जिनोबिली बाकावरून उठून खेळायला येई, म्हणून बॅटिएने स्वतःच प्रशिक्षकांना सांगितले, मलाही सुरुवातीला बसवा, तो उतरेल तेव्हा मी उतरेन. देशातला सर्वोत्तम ठरलेला माणूस आपणहून बाक मागत होता! पुढे मायामीकडून त्याने २०१२ आणि २०१३ अशी दोन विजेतेपदे मिळवली. २०१३ च्या शेवटच्या, सातव्या सामन्यात त्याने तीन गुणांचे सहा शॉट बसवले. त्याआधी काही सामने त्याला जवळजवळ बसवूनच ठेवले होते.

सगळ्यांना हे साधते असे नाही. २००६ साली अमेरिकेत दोन कॉलेजवीरांची नावे सर्वांच्या तोंडी होती. गोंझागाचा ॲडम मॉरिसन आणि ड्यूकचा जे. जे. रेडिक. मॉरिसनने त्या मोसमात देशात सर्वाधिक, सरासरी अठ्ठावीस गुण केले. निवडीत तो तिसरा, रेडिक अकरावा. मॉरिसनचा गुडघा दुखावला, एक अख्खा मोसम वाया गेला. २००९ आणि २०१० साली तो विजेत्या लेकर्स संघात होता खरा, पण बहुतेक वेळ बाकावर. रेडिकचीही पहिली दोन वर्षे बाकावरच गेली. त्याने बचाव शिकून घेतला, बॉलशिवाय धावत राहून मोकळी जागा गाठायचे कसब वाढवले आणि पंधरा मोसम खेळला. २०२४ साली तो त्याच लेकर्सचा प्रशिक्षक झाला. यात एकाला शहाणा आणि दुसऱ्याला नादान म्हणणे अन्यायाचे होईल. गुडघा कुणाच्या हातात असतो?

कधी कधी तर जागा सापडल्यावरही हातून जाते. महमूद अब्दुल रऊफची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. लुइझियाना स्टेट विद्यापीठात तो ख्रिस जॅक्सन होता आणि पहिल्याच वर्षी सरासरी तीस गुण करत होता. आपोआप झटके आणणाऱ्या टुरेट या व्याधीशी झगडत तो खेळला. १९९० साली डेन्व्हरने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. १९९१ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला, १९९३ मध्ये नाव बदलले. १९९५-९६ च्या मोसमात तो एकोणीसच्या सरासरीने गुण करत होता. मार्च १९९६ मध्ये राष्ट्रगीताला उभे न राहिल्याबद्दल त्याला एका सामन्यापुरते निलंबित केले. मग उभे राहून मान खाली घालून दुआ मागायची, अशी तडजोड झाली. उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला सॅक्रामेंटोला देऊन टाकले. तिथे त्याचा खेळायचा वेळ घटत गेला आणि १९९८ मध्ये तो तुर्कस्तानात खेळायला गेला. नंतर व्हँकूव्हरला एकच मोसम. त्याचा हात बिघडला नव्हता. तेव्हा कोणी म्हणेल की प्रत्येकाने नम्र व्हावे म्हणजे जागा मिळते, तर ते अर्धेच खरे आहे. जागा देणाराही असावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी ईदला आम्ही पाचही जण गावी एकत्र आलो. सात नंबर आता टेम्पो चालवतो. शिरखुर्मा झाल्यावर आम्ही त्याला बॅटिएची सगळी हकीकत सांगितली. खरे तर आम्हाला माफी मागायची होती, पण तोंडातून बॅटिएच निघत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

मग म्हणाला, "त्याला कागद दिले, आकडे दिले, त्याचं काम काय ते समजावलं. मला एका वाक्यात सांगितलं, शॉट मारू नकोस. त्या सायबांचं जाऊ द्या. त्यांना मी परका होतो. तुम्ही तर माझे होतात ना?"

आम्ही गप्प.

"त्या रात्री मला नोकरीचं विचारायचंच नव्हतं रे. शॉट मारला नाही तरी मी तुमचा सात नंबरच राहीन, एवढं ऐकायचं होतं. तुम्ही कुणी ते बोलला नाहीत. मला वाटलं, गुण केले नाहीत तर तुमच्यातही माझी जागा नाही."

सत्तावीस वर्षे आम्ही समजत होतो की आम्ही त्याला चुकीचा सल्ला दिला. प्रत्यक्षात आमचे प्रेमच त्याच्या गुणांवर बेतलेले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांना बाक सोसत नाही, म्हणून खेळाडूलाही तो सोसवत नाही. बॅटिए कसा घडला ते लेखात वाचता येते. त्याच्या घरच्यांनी, दोस्तांनी त्याचे नऊ गुण कसे पाहिले असतील, हा विचार आमच्या मनात त्या ईदला प्रथमच आला.

त्याची धाकटी मुलगी शाळेच्या संघात आहे. त्या हिवाळ्यात तिचा सामना होता, तेव्हा त्याने आम्हा चौघांना बोलावले. मुलगी बाकावर होती. शेवटची चार मिनिटे उरली असताना तिला उतरवले. तिने एकही शॉट मारला नाही. समोरच्या उंच मुलीला अडवले, रिंगखालचे दोन बॉल पकडले आणि दोन्ही मैत्रिणींच्या हाती दिले. सामना संघ हरला.

घाम पुसत ती आमच्याकडे आली आणि बापाला म्हणाली, "अब्बा, मी एक पण गुण नाही केला."

सात नंबरने आमच्याकडे पाहिले. तो काहीच बोलला नाही. या वेळी बोलायची पाळी आमची होती.

"बेटा," आम्ही म्हणालो, "ते दोन बॉल तू पकडलेस ना, ते आम्ही पाहिले."