महाबळेश्वरपेक्षा ठेंगणा, पण ध्रुवाचा सोयरा

महाबळेश्वरची बाजारपेठ समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे आपण मक्याचं कणीस खातो, चपला घेतो, आणि स्वेटर घरी राहिला तरी कुणी मरत नाही. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म रांगेतलं सर्वांत उंच शिखर बेन मॅकडुई. उंची १३०९ मीटर, म्हणजे त्या बाजारपेठेच्याही खाली. ब्रिटनमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शिखर! आणि पायथ्याच्या एव्हिमोर गावच्या स्टेशनावरून पाहावं तर ना सुळका ना कडा, नुसत्या गोल गोल पाठी. डोंगर म्हटला की कडा हवा, ही सह्याद्रीत वाढलेल्याची सवय. इथे ती काही उपयोगाची नाही.

इथे हिशेब उंचीचा नाही, अक्षांशाचा आहे. आपण ५७ अंश उत्तरेला आलेलो असतो. पायथ्याशी जुन्या पाइनची राई, तिच्यावर हेदरची झुडपं, आणि हजार मीटर ओलांडले की सगळंच संपतं. उरतो तो लालसर खडीचा, मैलोन्‌मैल पसरलेला सडा. ऑगस्टचा महिना, खाली लोक अर्ध्या बाह्यांत आइस्क्रीम खात होते, आणि वर मी कानटोपी ओढून वाऱ्याला पाठ करून उभा. केर्नगॉर्म शिखरावर एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. तिथली वारा मोजणारी यंत्रं एरवी उबदार नळकांड्यात झाकलेली असतात. दर अर्ध्या तासाने काही मिनिटं बाहेर डोकावतात, मोजमाप घेतात आणि पुन्हा आत जातात. उघडी ठेवली तर बर्फाने गोठतील. २० मार्च १९८६ रोजी या शिखरावर ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला. आपल्या हिशेबात जवळजवळ २७८ किलोमीटर.

त्या खडीत पाय टाकणार, तोच एक दगड उठून चालायला लागला. टार्मिगन! तित्तिराच्या कुळातला हा पक्षी उन्हाळ्यात दगडासारखा करडा आणि हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होतो. पायाच्या बोटांपर्यंत पिसं, जणू लोकरी मोजेच. माझ्यापासून हातभर अंतरावरून तो निवांत चालत गेला. घाई त्याला नव्हती, श्वास माझाच अडकला होता.

खाली उतरताना मात्र हेदर. कॅलेंडरवरचा जांभळा रंग खोटा असतो असं मी समजत होतो. इथे तो डोंगरच्या डोंगर भरून होता. वाकून पाहिलं तर तारेसारखी चिवट काडी आणि तिला मुगाच्या दाण्याहून लहान फुलं. ‘काय निसर्ग आहे!’ असं म्हणायला तोंड उघडावं आणि समोरच्या उतारावर आयताकृती ठिगळं दिसावीत: एक काळं, एक हिरवट, एक जांभळं. ही ठिगळं माणसाने जाळून केलेली. ग्राउज नावाच्या शिकारीच्या पक्ष्याला खायला कोवळे कोंब लागतात आणि लपायला, घरटं करायला जुनी झुडपं. म्हणून माळाचे तुकडे पाळीपाळीने जाळायचे. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होतो. शिवाय शिकारीसाठीच राखलेली तांबडी हरणं झाडांची रोपं वर येऊ देत नाहीत. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श रान समजून गहिवरतो, ते बरंचसं जमीनदारांनी बंदुकीसाठी सांभाळलेलं अंगण आहे. ग्लेन फेशी या दरीत हरणांची संख्या कमी केली, तर कुंपणाशिवाय पाइनची पोरं उगवून आली. ती पाहिल्यावर जांभळ्या रंगाचं माझं कौतुक जरा उतरलं. रंग सुंदरच आहे, पण झाडं अधिक सुंदर आहेत.

दुसरं नवल रेनडिअरचं. स्कॉटलंडमधून ते कित्येक शतकांपूर्वी नाहीसे झाले होते. स्वीडनचा मिकेल उत्सी हा सामी जमातीचा पशुपालक पत्नीसह इथे आला, खडकांवरचं लायकेन पाहिलं आणि म्हणाला, हा तर आमच्या जनावरांचा चारा! (गोडा मसाल्यातलं दगडफूल याच जातकुळीतलं.) १९५२ साली त्याने पहिले रेनडिअर आणले, आज कळप सुमारे दीडशेचा आहे. पायथ्याच्या ग्लेनमोरहून गुराख्याबरोबर डोंगरावर चढायचं आणि कळपात उभं राहायचं. मोठी शिंगं, मऊ लव असलेलं नाक, आणि चालताना येणारा टक्‌ टक्‌ आवाज. खुरांचा असेल असं वाटलं, पण तो पायातल्या स्नायुबंधाचा. पांढऱ्या वादळात एकमेकांचा माग राहावा, म्हणून असावा असं म्हणतात.

मॅकडुईवर एक भूतही आहे, ‘करडा माणूस’. रसायनशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन कॉली १८९१ साली धुक्यात एकटे उतरत होते. मागून कुणाच्या तरी लांब टांगा वाजू लागल्या आणि हा गृहस्थ धूम पळत सुटला. पुढे १८९५ मध्ये हेच कॉली नंगा पर्वताच्या मोहिमेत होते, म्हणजे भित्रे खासच नव्हते. आपली सावली धुक्यावर अजस्र होऊन पडते, भोवती इंद्रधनूचं कडं दिसतं, हा या भुताचा एक उलगडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर भटकणारे त्याला इंद्रवज्र म्हणतात. पावलांचा आवाज मात्र त्याने सुटत नाही.

रांगेच्या पलीकडे ब्रेमर आणि राजघराण्याचं बाल्मोरल. नकाशात वीतभर, पण मधून गाडीरस्ताच नाही. आहे ती लॅरिग ग्रू नावाची खिंड, पूर्वी गुरं हाकणाऱ्यांची वाट. गाडीला भलामोठा वळसा. ब्रेमरला १८९५ आणि १९८२ साली उणे २७.२ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, ब्रिटनमधला नीचांक. बाल्मोरल मला किल्ल्यापेक्षा जाहिरातच वाटलं. त्यापेक्षा अलीकडच्या बाजूचं लॉख अॅन आइलन पाहावं: काळसर तळं, त्यात बेट आणि बेटभर पडका किल्ला.

जाणार असाल तर ऑगस्ट धरा, चिलटांसाठी तोंडावर घालायची जाळी न्या, आणि मोबाइलबरोबर कागदी नकाशा व होकायंत्र ठेवा. २००३ च्या कायद्याने तिथे खाजगी जमिनीवरूनही जबाबदारीने चालायची मुभा आहे. तिकीट नाही, नाका नाही. आणि कानटोपी न्याच. महाबळेश्वरचा हिशेब तिथे चालत नाही.